वहीत पुरलेली सुझेट

उत्तरेकडच्या मोठ्या तळ्याकाठी असलेल्या आमच्या मिशनच्या जुन्या वहीत फिलोमेनच्या पाच ओळी आहेत. तिच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातल्याची एक, बाझीलशी लग्न लागल्याची एक, लेकीला पाणी घातल्याची एक, त्याच लेकीला मातीत ठेवल्याची एक आणि शेवटी तिच्या स्वतःच्या मातीची एक. बाझीलच्या मरणाची ओळ नाही, कारण ओंडके वाहून न्यायच्या कामावर नदीनं त्याला घेतलं ते लांब, दुसऱ्याच मिशनच्या हद्दीत. हल्ली लांबून लांबून माणसं येतात, पणज्या-खापरपणज्यांची नावं हुडकत त्या पिवळ्या पानांवरून बोट फिरवतात. सापडलं की हरखतात. वहीत माणूस सापडतो, पण लिहिणाऱ्याला दिसला तेवढाच. फिलोमेनचं बाकीचं मी आईकडून ऐकलं, आईनं तिच्या आजीकडून, आणि ती आजी म्हणजे शारलोत, फिलोमेनची नणंद. तेव्हा यात नणंदेच्या जिभेचं थोडं तिखट असणार, ते धरून चाला.

फिलोमेन बुटकी, रुंद खांद्यांची. भूर्जाच्या सालीच्या होड्या शिवायचं काम करायची. होडीचा लाकडी सांगाडा पुरुष वाकवायचे, पण साल शिवायची ती बाईनंच. देवदाराची मुळी उकडून, उभी चिरून, टोक दातात धरून ती टाके घालायची आणि वरून डिंक-चरबी चोपडायची. तिच्या टाक्यातून पाणी आत आलं असं कुणी कधी म्हटलं नाही. हातांना बारमाही डिंकाचा वास. पुढचे दोन दात मुळी ओढून ओढून झिजलेले. जीभ मात्र झिजली नव्हती.

बाझील गेला तेव्हा सुझेट पोटात होती. ती जन्मल्यावर सहाव्या दिवशी फादर ऑटमार आला आणि पाणी घालून, नाव लिहून गेला. त्या वेळी इथं राहणारा फादर नव्हता. ऑटमारबाबा वर्षातून तीनदा यायचा. बर्फ फुटल्यावर एकदा, तळ्यात उगवणारा पाणतांदूळ झोडून झाल्यावर एकदा आणि नाताळाच्या सुमारास जाळीच्या चपला घालून बर्फावरून एकदा. वही मेणकापडात गुंडाळून पाठीला बांधलेली असायची. शारलोतच्या घरी उतरायचा, माशाची डोकी चोखून खायचा आणि तिच्याच चुलीशी दाढी वाळवायचा.

सुझेट तीन वर्षांची झाली त्या हिवाळ्यात घशाचा रोग आला. महिन्यात अकरा पोरं गेली. ऑटमारबाबा पोचला तेव्हा अकराही पुरून झाली होती. त्यानं एका बैठकीत अकरा ओळी लिहिल्या. ते पान वहीत आहे. सातव्या ओळीनंतर त्याचं अक्षर बिघडत गेलेलं दिसतं. सुझेट नवव्या ओळीत आहे.

पोर गेली की आमच्याकडच्या बायका तेव्हा जे करायच्या ते फिलोमेननं केलं. केस कापले. पोरीची एक बट, तिच्या चामड्याच्या चपला आणि छोटी गोधडी यांचं गाठोडं बांधलं आणि ते पाळणफळीला, म्हणजे बाळ पाठीशी बांधायच्या फळीला, लावून वर्षभर पाठीवर वागवलं. होडी शिवायला बसली की गाठोडं शेजारी टेकवलेलं. जेवायला बसली की त्याच्यापुढं वाडगं. आधी तिथं घास ठेवायचा, मग आपण खायचं. नवं कापड अंगाला लावायचं नाही, केस विंचरायचे नाहीत. ऑटमारबाबा म्हणायचा, हे सोड, पोर देवाजवळ आहे. ती म्हणायची, "असू द्या की. देवाजवळ असली म्हनून भूक लागत न्हाई व्हय?"

वर्ष भरलं. शारलोतनं चार बायका बोलावल्या. त्यांनी फिलोमेनचं तोंड धुतलं, केस विंचरले, नवा झगा घातला, गाठोडं सोडलं. मग शारलोत आत गेली आणि एक पोरगी घेऊन आली. फिलोमेनची एक चुलत बहीण पलीकडच्या बेटावर होती, पाणी न घेतलेल्या माणसांत. ती बाळंतपणात गेली होती आणि ही तिची थोरली. तीनेक वर्षांची, नाक वाहतंय, हातात अर्धा खाल्लेला मासा.

शारलोतनं ती पोर फिलोमेनच्या मांडीवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घे गं वयनी. जागा रिकामी व्हती, भरली."

फिलोमेननं पोरीचं नाक पुसलं. म्हणाली, "सुझेट, किती वाळलीस गं."

संपलं. त्या दिवसापासून ती सुझेट. आमच्यात हे काही नवल नव्हतं. गेलेल्याच्या जागी कुणी बसवलं की तो तोच. त्याच्याच वाट्याचं जेवण त्याला, त्याचीच नाती त्याला. सुझेटच्या वयाच्या पोरींनी दुसऱ्या दिवशी तिला खेळायला नेलं आणि गेल्या वर्षीच्या भांडणावरून तिला चिमटाही काढला.

राहता राहिलं पाणी. ते घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण सुझेटला पाणी घातलेलंच होतं. ऑटमारबाबानंच शिकवलं होतं की हे पाणी एकदा घातलं की पुसलं जात नाही, दुसऱ्यांदा घालणं पाप. गावानं ते नीट लक्षात ठेवलं होतं.

पुढच्या खेपेला ऑटमारबाबा आला. पोर चुलीशी बसली होती. त्यानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं, तपकीर ओढली आणि विचारलं, "हिचं नाव?"

"सुझेट," फिलोमेन म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि माशाचं डोकं फोडायला लागला.

त्याला समजलं होतं आणि तो गप्प बसला, की म्हातारपणामुळं तो अकरांतली नववी ओळच विसरला होता, हे शारलोतलाही कधी ठरवता आलं नाही. सात वर्षांनी त्यानंच सुझेटला देवळातल्या पावाचा पहिला प्रसाद दिला, पांढऱ्या रुमालाखाली, बाकीच्या पोरींबरोबर. त्याच हिवाळ्यात तो पलीकडच्या मिशनवर खोकून खोकून मेला.

त्याच्या जागी फादर लाम्बेर आला. हा इथंच राहायला आला. तरुण, गोरापान, दाढी केलेला. घर बांधलं, लोखंडी शेगडी बसवली, वाटेच्या कडेचे दगडसुद्धा मोजून ओळीत लावले. वाईट माणूस नव्हता. तापात पडलेल्याच्या उशाशी बसायचा, म्हाताऱ्यांना लाकडं फोडून द्यायचा. पण नीटनेटका फार. पहिल्या हिवाळ्यात काम नव्हतं म्हणून त्यानं वही काढली आणि कोण जन्मलं, कोण मेलं, कोण जिवंत आहे, याचा मेळ लावत बसला. त्याला एक पोर जास्त भरली.

तो वही काखेत मारून फिलोमेनच्या घरी आला. ती मुळ्या चिरत होती, शारलोत पाणतांदूळ पाखडत होती. फादर आमची बोली शिकला होता, पण पुस्तकातून.

"फिलोमेन, ही कन्या कोण आहे?"

"सुझेट."

"सुझेट मृत आहे. येथे लिहिले आहे. मार्चची चार तारीख, वय तीन वर्षे, कंठाचा विकार."

"व्हय. गेली ना. मग परत बसवली."

"परत कशी बसवली?"

"तिच्या जागंवर. वन्संनी आनून मांडीवर दिली. गावानं बघितलंय."

फादरनं शारलोतकडं पाहिलं. शारलोत पाखडायची थांबली नाही.

"या कन्येला बाप्तिस्मा कोणी दिला?"

"सुझेटला? ऑटमारबाबांनी."

"त्या सुझेटला. या मुलीला?"

"असं कसं इचारता फादर? एकाच मानसावर दोनदा पानी घालत्यात का? तुमचंच सांगनं हाय, पुसत न्हाई म्हनून."

फादर वहीचं पान उलटायला लागला. तेवढ्यात शारलोत मध्ये पडली. "मी इचारते, फादर. ही जर मेलेली हाय, तर दर रइवारी तिच्या तोंडात पाव कशाला घालता? आमी जित्या बाया मागं हुब्या ऱ्हातो न्हवं."

दोघी हसल्या. सुझेट कोपऱ्यात होती, तीही हसली. अकरा वर्षांची, लांब हाडांची, हसताना ओठांवर हात धरणारी. फादर लाल झाला. त्याच्या दृष्टीनं हा हसायचा विषयच नव्हता. पाणी न घातलेली पोर दीड वर्ष प्रसाद घेत होती आणि त्यातलं एक वर्ष त्यानं स्वतःच्या हातानं दिला होता.

"फिलोमेन," तो सावकाश म्हणाला, "सरकारी कार्यालयाने अनाथ मुलांची यादी मागितली आहे. दक्षिणेकडच्या मोठ्या शाळेसाठी. यादी या वहीवरूनच होते. वहीत या मुलीला आई नाही, वडील नाहीत, नाव नाही. कागदावर ती अनाथ आहे."

आता कुणी हसलं नाही.

"मी हाय की," फिलोमेन म्हणाली. "ही काय समोर बसलीया."

"मला दिसते. पण मला लिहावे लागेल." मग त्यानं वाट काढून दिली. त्याच्या मते ती सोपी होती. येत्या रविवारी फिलोमेननं सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं की ही माझी सुझेट नाही, माझी सुझेट मेली. मग तो त्या पोरीला नव्यानं पाणी घालील. नाव त्यानं काढून ठेवलं होतं, मोनिक. आणि त्या ओळीत फिलोमेनचं नाव पालक म्हणून लिहील. जहाज मंगळवारी येणार होतं.

फादर गेल्यावर शारलोत म्हणाली, "सांगून टाक. चार शब्द तर हायत."

"कोनते चार शब्द, वन्सं? म्हनून दाखवा."

जिनं स्वतःच्या हातानं पोर मांडीवर ठेवली होती तिच्याच्यानं ते म्हणवेना. मग चिडून म्हणाली, "मला कशाला म्हनायला लावतेस? माझी पोर न्हाई ती."

"माझी हाय, म्हनूनच म्हनवत न्हाई."

बाहेरच्याला वाटेल, नावाचा काय एवढा बाऊ. पण फिलोमेनचा हिशेब निराळा होता. एक सुझेट तिनं मातीत दिली आणि एक वर्ष पाठीवर वागवली, तेव्हा कुठं ती जागा भरली. आता भर देवळात ही ती नव्हे म्हणायचं, म्हणजे भरलेली जागा स्वतःच्या तोंडानं रिकामी करायची. पहिली परत मरणार आणि दुसरी कुणाचीच नाही, अशी होऊन मांडीवरून उतरणार. मग तिला घरात कोण म्हणून ठेवायचं? पाहुणी?

मधल्या दिवसांत लपवायचाही विचार झाला. शारलोतचा थोरला म्हणाला, बेटावर नेऊन ठेवू. पण मोठ्या पाण्यावरचा बर्फ तेव्हा कुजला होता. चालावं तर पाय आत जातो, होडी घालावी तर साल फाटते. वर्षातले ते दोन आठवडे आमच्याकडं कुणी कुठं जात नाही. लोखंडी जहाज मात्र बर्फ फोडत येतं.

सुझेटनं स्वतः विचारलं. शुक्रवारी ती आईला मुळ्या सोलून देत होती.

"आये, मला दुसरं नाव दिलं तर मी इथंच ऱ्हाईन ना?"

"कोन म्हनलं तुला?"

"आत्या म्हनली. मला कोनतंबी चालंल. मंग घरी तू सुझेटच म्हन."

फिलोमेननं तिच्या हातातली मुळी काढून घेतली. "ही किती जाड चिरलीस बघ. टाका बसंल का हिच्यात?" एवढंच बोलली. फादरनं कुठलं नाव काढलंय ते तिनं पोरीला सांगितलं नाही. ते नाव घरात आणायचंच नव्हतं तिला.

रविवारी देऊळ भरलं होतं. मिस्साची प्रार्थना झाली. फादरनं वही उघडून टेबलावर ठेवली, दौत ठेवली, पाण्याचं भांडं ठेवलं आणि फिलोमेनकडं पाहून मान हलवली.

ती उभी राहिली. शारलोत सांगायची, ती म्हणायला उभी राहिली होती यात शंका नाही. रात्रभर तिनं ते शब्द घोटले होते. "माझी सुझेट..." एवढं म्हणाली आणि थांबली. माणसं वाट पाहत राहिली. पुढच्या बाकावरचं एक तान्हं रडलं, त्याला आईनं पाजायला घेतलं, तरी ही उभीच. फादर हळूच म्हणाला, "पुढे." त्याचा आवाज दरडावणीचा नव्हता, विनवणीचा होता.

फिलोमेननं शेजारी बसलेल्या पोरीचा सुटलेला रुमाल नीट बांधला. म्हणाली, "चल, घरला." आणि दोघी बाहेर पडल्या.

गाव यावर अजून भांडतं. कुणी म्हणतं गर्व, कुणी म्हणतं भक्ती कच्ची. शारलोत आधी म्हणायची, हट्टी होती. मग म्हणायची, माझी तरी कुठं उचलली असती जीभ. आणि खरं सांगायचं तर जहाज पोरीला नेईलच, असं कुणी धरलं नव्हतं. फादर लोक दर रविवारी कशाची ना कशाची भीती घालायचेच. नरकाची घालायचे, तिथंही अजून कुणी जाऊन आलं नव्हतं.

मंगळवारी जहाज आलं. कारकून उतरला, त्यानं फादरकडून यादीचा कागद घेतला. पाच पोरांची नावं वाचली. त्या पाचांचं खरंच मागं कुणी नव्हतं. सहाव्या ठिकाणी कागदावर लिहिलं होतं, मुलगी, वय सुमारे अकरा, नाव माहीत नाही. फादर लाम्बेरनं बोट दाखवलं नाही. पण तो खाली मान घालून ज्या पोरीशेजारी उभा होता, तीच ती, हे समजायला कारकुनाला तेवढं पुरलं.

फिलोमेन तेव्हा धक्क्यावर नव्हती. ती घरात पोरीची गोधडी चुलीमागं लपवत होती, जणू गोधडी नसली तर पोर नेता येणार नाही. पोर आत्याबरोबर जहाज बघायला गेली होती. ते एक शारलोतनं जन्मभर स्वतःला माफ केलं नाही. पोरगी म्हणाली बघायचंय, म्हणून नेली.

ओरडा ऐकून फिलोमेन धावत आली तेव्हा जहाजावर चढायची फळी काढून घेतली होती. सहा पोरं कठड्याशी उभी. फिलोमेन फादरच्या अंगावर गेली, त्याची बाही धरली.

"लिवा! मोनिक लिवा! म्हनते मी, सुझेट न्हाई ती, मेली सुझेट, झालं? लिवा!"

अख्ख्या गावासमोर, एका दमात. देवळात जे निघालं नव्हतं ते सगळं निघालं. फादर कारकुनाला त्यांच्या भाषेत काही ओरडला. जहाजाच्या भोंग्यात ते बुडालं. कारकुनानं कानाला हात लावला, मान हलवली आणि आत गेला.

मग फिलोमेन पाण्याच्या कडेला गेली, बर्फाच्या तुकड्यांत गुडघ्यापर्यंत, आणि हाका मारायला लागली. "मोनिक! ए मोनिक!" तिला वाटलं असणार, ते नाव आता जितक्या मोठ्यानं म्हणू तितकं खरं होईल. कठड्यावर सुझेट उभी होती. ती डावीकडं बघत होती, उजवीकडं बघत होती. आई कुणाला हाका मारते आहे ते ती शोधत होती. शेजारच्या पोरीकडंसुद्धा तिनं पाहिलं, ही मोनिक का म्हणून. जहाज वळलं तरी तिनं ओ दिली नाही.

शारलोत पाण्यात शिरून ओरडली, "सुझेट म्हन गं वयनी, सुझेट!" पण तोवर अंतर पडलं होतं.

फादरनं पत्रं घातली. सुझेट नावाची मुलगी, असं एक. मोनिक नावाची, असं दुसरं. चार महिन्यांनी उत्तर आलं की दोन्ही नावांची कुणी नाही. तिथं गेल्या गेल्या पोरांना फळ्यावरची नावं वाटायचे. तीन वर्षांनी सहांतली चार परत आली. त्यांतली एक पोर आता स्वतःला एडिथ म्हणवायची आणि आमची बोली अडखळत बोलायची. फिलोमेननं तिला मेपलची साखर खायला घातली आणि समोर बसवून विचारलं.

"आमच्या सुझेटला काय नाव दिलं गं?"

"न्हाई ठाऊक, काकी. तिला दुसऱ्या इमारतीत ठिवलं."

"दिसायची का?"

"पैल्या हिवाळ्यात दिसायची. खोकायची. नंतर न्हाई दिसली."

"मेली का?"

पोरगी साखर चघळायची थांबली. "न्हाई ठाऊक, काकी. तिथं सांगत न्हाईत."

फादर लाम्बेरची आठ वर्षांनी बदली झाली. वहीतल्या नवव्या ओळीपाशी कडेला पेन्सिलीनं एक बारीक प्रश्नचिन्ह आहे. ते त्याचं असावं. दुसरं काही लिहिलेलं नाही. फिलोमेनच्या मातीची ओळ पुढच्या फादरच्या हातची. विधवा, अपत्य एक, बालपणी मृत.

जहाज गेल्यावर ती सव्वीस वर्षं जगली. होड्या शिवत राहिली. लोक पत्र्याच्या होड्या वापरायला लागले तेव्हा ती सालीचे डबे शिवायला लागली. देवळात यायची, मागं उभी राहायची, प्रसाद घ्यायची नाही. भांडायचीही थांबली, त्याचंच शारलोतला जास्त लागायचं. आमच्याकडं नणंद-भावजया एकमेकींची चेष्टा करणारच, ती रीत आहे. शारलोत टोचून बघायची आणि फिलोमेन "व्हय वन्सं" म्हणायची.

जेवणाचं मात्र तिचं अडून बसलं होतं. माणूस गेलं असेल तर त्याच्यापुढं वाडगं ठेवायचं. गेलं नसेल तर ठेवायचं नाही. जित्या माणसाला मेलेल्याचं जेवण वाढलं तर ते त्याला ओढून नेतं. आणि मेलेल्याला वाढलं नाही तर ते उपाशी फिरतं. गाठोडं बांधावं तर बट कुठं होती? फिलोमेन दर जेवणाला पाणतांदूळ वाडग्यात काढायची, वाडगं हातात धरायची आणि सोबतीला जेवायला आलेल्या शारलोतकडं बघायची.

"वन्सं, ठिवू का?"

शारलोत म्हणायची, "आज नगं ठिवूस. आज र्‍हाऊ दे."

असं बावीस वर्षं. मग शारलोत गेली. राहिलेली चार वर्षं विचारायला कुणी नव्हतं. माझी आई तेव्हा लहान होती, पलीकडच्या घरातून बघायची. म्हातारी जेवायला बसायची, वाडगं काढायची, हातात धरायची. खाली ठेवायची नाही आणि चुलीवरच्या भांड्यात परतही ओतायची नाही. वाफ जायची, भात थंड व्हायचा, तरी ती तशीच बसलेली असायची. तिचं स्वतःचं जेवण राहून जायचं.